दोन दिरहम आणि एक कुऱ्हाड

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या सातारा-सांगलीकडच्या मोहल्ल्यांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "जकात काढली का?" आणि दुसरे, दारावरून कुणी मागणारी पुढे गेली की तिच्या पाठीमागून येणारे, "हातपाय धड आहेत, काम करायला काय होतं हिला?" पहिल्या वाक्यावर भरपूर लिहिले गेले आहे. आम्हाला दुसऱ्याविषयी बोलायचे आहे, कारण ते म्हणणाऱ्यांत महिन्याच्या एक तारखेला पगार होणारी माणसे पुढे असतात.

या वाक्याला दीनचा आधारही लगेच दिला जातो. अबू दाऊद यांच्या संग्रहातली कुऱ्हाडीची हदीस बहुतेकांना ठाऊक असते. एक अन्सारी मनुष्य प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे मागायला आला. प्रेषितांनी त्याच्या हाती कुऱ्हाड दिली, लाकडे तोडून विकायला सांगितले आणि तो मागणारा कमावता झाला. बयानात गोष्ट अनेकदा एवढ्यावरच संपते. ऐकणारा मान डोलावतो आणि खिशातला हात खिशातच राहतो.

पण मूळ गोष्ट याहून मोठी आहे. प्रेषितांनी त्या माणसाला आधी विचारले की तुझ्या घरात काही आहे का. त्याने सांगितले, एक जाड कापड आहे, त्यातले काही अंगावर घेतो, काही अंथरतो. आणि पाणी प्यायचा एक लाकडी प्याला आहे. प्रेषितांनी त्या दोन वस्तू मागवल्या, स्वतः हातात धरल्या आणि सोबत्यांसमोर त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला. जास्त कोण देतो, असे प्रेषितांनी पुन्हा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिले. ते दोन्ही दिरहम त्या अन्साऱ्याला देऊन सांगितले की एकाचे धान्य घेऊन घरी दे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे ये. तो आला, तेव्हा कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी आपल्या हाताने बसवला. मग पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे सांगून त्याला कामाला पाठवले. परतला तेव्हा त्याच्या गाठीला दहा दिरहम होते.

यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी घरच्यांच्या पोटाचा दिरहम, मग हत्याराचा. त्याच्या वस्तूला दुप्पट भाव मिळेपर्यंत लिलाव थांबला नाही. दांडा बसवून देणारा हात तर साऱ्या मदीनेच्या प्रमुखाचा होता. मेहनत त्या माणसानेच केली, पंधरा दिवस घाम त्याचाच गळला, हे खरेच. पण "काम कर" म्हणण्याआधी त्याच्यासाठी काय काय केले गेले, ते वगळून ही हदीस सांगणे म्हणजे दांड्याशिवाय कुऱ्हाड देणे होय.

आपल्या भागात हाच क्रम एका माणसाने आयुष्यभर पाळला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मराठा, दलित, जैन, मुसलमान मुले तिथे एकाच पंगतीत जेवत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

भाऊरावांचे नाव निघाले की लोकांना 'कमवा आणि शिका' आठवते. मुलांनी शेतात खपावे, स्वयंपाक स्वतः करावा, इमारतीचे दगड स्वतः उचलावेत आणि ताठ मानेने शिकावे. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीदच आहे. १९४७ साली साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेजही याच वाटेने चालले. आज सभांमधून हेच उदाहरण देऊन गरिबांच्या पोरांना सुनावले जाते की बघा, ती मुले कुदळ मारून शिकली, तुम्हाला सगळे फुकट पाहिजे.

सुनावणारे लक्ष्मीबाईंचे नाव घेत नाहीत. बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. कुदळ मारणाऱ्या मुलाच्या पोटात जी भाकरी होती, तिच्यात एका बाईचे सोने होते. शिवाय 'मुष्टिफंड' होता. घराघरांतून मूठ मूठ धान्य वसतिगृहांसाठी जमवले जाई आणि देणाऱ्यांत स्वतः हातावर पोट असलेलीही घरे असत. आपल्याकडे मदरशासाठी रोजच्या आट्यातून चिमूट बाजूला काढण्याची रीत होती, तशीच ही. म्हणजे इथेही पहिला दिरहम दुसऱ्या कुणीतरी दिला आणि मग मुलाच्या हाती कुदळ आली.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेले आम्ही कित्येकजण रयतच्याच शाळांतून शिकलो. कुणाची फी ई.बी.सी. सवलतीत माफ झाली. ती सवलत सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कऱ्हाडात गरिबीत शिकलेले. कुणाला मामूने घरी ठेवून घेतले, कुणाच्या अम्मीने रात्री दीड-दोन वाजेपर्यंत शिलाई केली. पुढे नोकरी लागली, घर झाले, आणि बोलताना आपण म्हणू लागलो, "आम्ही आमच्या कष्टावर वर आलो." कष्ट होतेच. पण तेवढेच कष्ट करून जागच्या जागी राहिलेली माणसे पाहायला लांब जायला नको.

दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठच्या शिवारात बीडकडून आणि आमच्याच जत-माणकडून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. पहाटेच्या अंधारात हा कोयता फडात असतो. गाडी रात्री उशिरा आली तर मोळ्या डोक्यावरून तेव्हाच चढवायच्या. बाई पोटुशी असली तरी बऱ्याचदा सुटका नसते. या माणसांना आळशी म्हणण्याची कुणाची हिंमत होईल? तरी ती गरीब आहेत आणि पुढच्या साली पुन्हा येतात. कारण त्यांच्या हातात हत्यार आहे, पण ते 'उचल' घेऊन आलेले आहे. हंगामाआधी मुकादम आगाऊ रक्कम देतो, ती टनावारी मजुरीतून फिटते. टन कमी पडले की बाकी पुढच्या वर्षावर जाते. मदीनेतल्या त्या माणसाच्या डोक्यावर कुऱ्हाडीचे कर्ज नव्हते. एवढाच फरक, पण त्यात साऱ्या आयुष्याचा हिशेब बदलतो.

आणि हिशेब कुणाचाही बदलू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ आहे. दुकानदार, वकील, डॉक्टर सगळे जेवणाच्या रांगेत उभे राहिले. तेव्हा कुणी कुणाला विचारले नाही की नदीकाठी घर का बांधले. विचारू नयेच. पण हीच नजर आपण बारमाही रांगेत उभ्या असलेल्यांसाठी का राखून ठेवत नाही? त्याच दिवसांत राज्यभरातून आलेल्या जुन्या, फाटक्या कपड्यांचे ढीगही लोकांनी पाहिले. मदत घेणाऱ्याचा मान म्हणजे काय, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना तेव्हा उमगले.

कुरआनने हा मान आधीच सांभाळला आहे. सूरह बकरामध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून दान वाया घालवू नका, असा हुकूम आहे. त्याच सूरहमध्ये, जे मागत नाहीत म्हणून अजाण माणसाला खाऊनपिऊन सुखी वाटतात, अशा गरजूंची ओळख दिली आहे. आपण त्यांना सफेदपोश म्हणतो. राशनचे किट हातात देऊन फोटो काढायचा आणि तो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, तर सफेदपोश घरातली बाई त्या रांगेकडे फिरकणारच नाही.

जकातीचा हिशेब सोपा आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब. कर्ज वजा जाता माल तेवढा किंवा त्याहून जास्त असेल आणि वर्ष झाले, की साऱ्या मालावर अडीच टक्के. पाच लाख शिल्लक असेल तर साडेबारा हजार. ते शंभराच्या नोटांनी वाटले तर सव्वाशे हातांवर पडतात आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी संपतात. अशी वीस घरे एकत्र आली तर अडीच लाख होतात. त्यात काही घरांचा दोन महिन्यांचा शिधा निघतो, वर एखाद्या विधवेचे शिलाई मशीन, एखाद्याची हातगाडी, एखाद्या मुलीची वर्षभराची मेस. आमच्याकडच्या हनफी मसलकात जकात घेणाऱ्याला त्या वस्तूचे पूर्ण मालक करावे लागते. म्हणून मशीन कमिटीच्या नावावर ठेवून "वापरा" म्हणणे पुरेसे नाही. ते तिचेच झाले पाहिजे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेलेही आहेत. आपल्या मोहल्ल्यात बचतगटाच्या आणि खासगी फायनान्सच्या हप्त्यांनी वाकलेल्या किती बाया आहेत, याची यादी शाबानमध्येच करता येईल. जे मुसलमान नाहीत त्यांच्यासाठी सदक्याचे दार उघडे आहेच.

येती काही वर्षे रमजान ऊसतोडीच्या हंगामातच येणार आहे. आपण जकात मोजत असू तेव्हा गावाबाहेर कोप्या पडलेल्या असतील आणि तिथली मुले लहान भावंडांना सांभाळत बसलेली असतील. या मुलांसाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळते. ते दाखवले की दाखल्यावाचून जवळच्या शाळेत बसता येते. मूळ गावाहून ते आणले नसेल तर शाळेतल्या सरांना किंवा मॅडमना सांगून मागवता येते. फडापासून शाळेपर्यंतची रिक्षा मात्र पत्रकात बसत नाही. तिचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात.