हलता देखावा, भाग ५ : वीज पुतळ्यापर्यंत नेताना

गेल्या आठवड्यात आपण राक्षसाची मान आणि दोन्ही हात सहा सर्व्हो मोटरवर बसवले. टेबलावर ते छान हलले. गणपतीत मात्र हाच पुतळा दहा दिवस, रोज तासन्‌तास चालवायचा आहे. तो एकाच जागी उभा राहणार, त्यामुळे बॅटरीच्या भानगडीत पडायचं कारण नाही. मांडवात २३० व्होल्ट आहेतच. ते थांबवायचे कुठे, हे आज ठरवू. माझं मत ठाम आहे : २३० व्होल्ट एका बंद पेटीतच संपले पाहिजेत. पुतळ्याच्या अंगात जाईल ती वीज १२ व्होल्टची किंवा त्याहून कमी.

हे काम एसएमपीएस करतो. जोडण्याआधी त्याच्या कडेच्या जाळीतून आत बघा. अनेक एसएमपीएसमध्ये तिथे ११० आणि २२० लिहिलेला लहानसा सरकता स्विच असतो. तो ११० वर राहिला आणि आपली वीज दिली, की एसएमपीएस जागच्या जागी जातो.

आता करंट. एमजी ९९६आर ही सर्व्हो ६ व्होल्टवर चालताना हात कुठे अडला, तर सुमारे अडीच अँपिअर खेचते. सुरू होतानाही क्षणभर तिची भूक जवळपास तेवढीच असते. सहा सर्व्होंचे झाले १५ अँपिअर. इथेच बहुतेक मंडळांचं गणित चुकतं. सप्लाय कमी पडला, की सगळे हात एकदम उचलताना व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनो रिसेट होतो आणि राक्षस झटका देऊन पहिल्या स्थितीत येतो. पोरं रात्रभर प्रोग्रॅम तपासत बसतात. दोष प्रोग्रॅमचा नसतोच. सर्व्होंना वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून कधीच देऊ नका. सप्लाय वेगळा ठेवा, ग्राउंड मात्र दोघांचा जोडलेला हवा.

वायरही व्होल्टेज खाते. पेटी पुतळ्यापासून ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं होतं. १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १० अँपिअरला जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि ६ चे ४.२ उरतात. म्हणून पुतळ्यापर्यंत १२ व्होल्ट न्या आणि चौथऱ्यात बक कन्व्हर्टर बसवून तिथे ६ करा. तेवढ्याच कामाला करंट निम्म्यावर येतो. वायर अडीचचीच घ्या आणि प्रत्येक हाताच्या लाइनला वेगळा फ्यूज लावा.

भाद्रपदात पाऊस असतोच, मांडव गळतो, पोरं अनवाणी वावरतात. म्हणून पेटीआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि पुतळ्याच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंगही. अर्थिंग नसेल, तर सांगाड्यात उतरलेली फेज कुणाचा तरी हात लागेपर्यंत तशीच दबा धरून राहते आणि आरसीसीबी पडतो तो त्या माणसाला झटका बसल्यावर. अर्थिंग असेल, तर तो आधीच पडतो. रोज आरतीआधी त्याचं टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही, तर त्या दिवशी देखावा बंद. वीज अधिकृत तात्पुरत्या मीटरवरूनच घ्या. रस्त्यावरच्या खांबावरून ओढलेल्या वायरीला अर्थिंगचा भरवसा नसतो.

पुढच्या भागात : सहा सर्व्हो एकदम सुरू न करता पाठोपाठ कशा सुरू करायच्या.