जवारी पेटीत उतरवणारा इंजिनिअर

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत नेला की एका नेमक्या जागी तार बोलू लागते. खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तारेचं हे बोलणं म्हणजे जवारी. ती सर्किटमध्ये उतरवायची तर आधी कान हवा, मग इलेक्ट्रॉनिक्स. बंगळूरच्या जी. राज नारायण यांच्याकडे दोन्ही होतं. ते पेशाने इंजिनिअर आणि स्वतः बासरीवादक. १९७९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला आणि ‘राडेल’ कंपनी उभी केली. १९८८ मध्ये ‘तालमाला’ हा इलेक्ट्रॉनिक तबला आला, पुढे डिजिटल वीणाही.

त्यांच्या कामाची थोरवी मला त्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेटीवरच्या बटणांत दिसते. पट्टी धरायला एक, बारीक सुरासाठी दुसरं, तार छेडण्याची गती वेगळी. पहिली तार राग पाहून पंचमात, मध्यमात किंवा निषादात लावता येते. मालकंस गाणाऱ्याला पंचम चालत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसानेच हे यंत्र घडवलं आहे. सुरुवातीच्या पेट्यांचा आवाज सर्किटमधून घडवलेला असे. पुढे खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण चिपमध्ये बसलं आणि गोडवा वाढला.

तानपुरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचं महत्त्व या पेटीमुळे कमी होत नाही. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीवर शिकणाऱ्याला तार जुळवावी लागत नाही, हे नुकसानच आहे; पहिली काही वर्षं तरी गुरूने शिष्याच्या हाती खुंट्या द्याव्यात. पण गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी, जिथे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो आणि दमट हवेत तार सुरात टिकत नाही, तिथल्या मुलाला एकट्याने रियाज करायचा तर बॅटरीवरची पेटीच आधाराची.

त्याच भामरागडच्या माडिया आदिवासींच्या गावांत रेला नाचताना ढोल वाजतो. त्याचं यंत्र कुणाला करायचं असेल, तर राज नारायण यांच्याच वाटेने जावं: आधी त्या ढोलाच्या साथीला बसावं, वाजवणाऱ्याला विचारावं, त्याच्या हाताखाली शिकावं. गडचिरोलीतून इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे.