डिझेल सुरू झालं, पण वीज आली नाही



जर्मनीत राहून आपली दिवे जाण्याची सवयच मोडली आहे. पण भारतातल्या सोसायटीचा जनरेटर आठवतो ना? दिवे जातात, खालून धडधड ऐकू येते आणि तरीही लिफ्ट हलत नाही. मग वॉचमन धावत जातो, चेंजओव्हरचा खटका दुसऱ्या बाजूला टाकतो आणि तेव्हा कुठे पंखे फिरायला लागतात. इंजिन सुरू होणं ही एक गोष्ट आणि घरात वीज येणं ही दुसरी. आजचा विषय हाच आहे, फक्त जागा सोसायटीची नाही, अणुवीज केंद्राची आहे.

आधी एक शंका फेडू. जे केंद्र स्वतःच वीज बनवतं, त्याला जनरेटर कशाला? कारण अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. एक हजार मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता साधारण तीन हजार मेगावॅट तयार होते. भट्टी बंद झाल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के उष्णता चालूच राहते, म्हणजे जवळपास २०० मेगावॅट. तासाभराने ती दीड टक्क्यापर्यंत उतरते, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शेगडी विझवली तरी निखारे धगधगत राहावेत, तसं. त्या निखाऱ्यांवरून पाणी फिरत राहिलं पाहिजे, पाण्याला पंप हवा आणि पंपाला वीज हवी. भट्टी बंद आहे आणि बाहेरची लाइनही गेली आहे, अशा वेळी भिस्त डिझेलवर असते.

ही डिझेल इंजिनं जहाजावर असतात तशी अवाढव्य असतात. त्यांचं तेल आणि पाणी कायम कोमट ठेवलेलं असतं. दाबाखालच्या हवेने त्यांना धक्का दिला जातो आणि दहा-पंधरा सेकंदांत ती भार घ्यायला तयार व्हावी लागतात. मग एकेक पंप ठरलेल्या क्रमाने जोडला जातो. सगळे एकदम जोडले तर इंजिन गुदमरेल. जर्मनीत यासाठी स्वतंत्र नियमावली आहे, केटीए ३७०२. शिवाय एक अर्ध्या तासाचा दंडक आहे: बिघाडानंतरची पहिली ३० मिनिटं माणसाने हात न लावता सगळं आपोआप सावरलं गेलं पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ गोष्ट. २५ जुलै २००६, स्वीडनमधलं फॉर्स्मार्क केंद्र, पहिली भट्टी. केंद्राबाहेरच्या ४०० किलोव्होल्टच्या स्विचयार्डात देखभालीचं काम चाललं होतं. तिथे शॉर्टसर्किट झालं. केंद्र ग्रिडपासून तुटलं, व्होल्टेज आधी कोसळलं आणि मग नेहमीपेक्षा बरंच वर उसळलं. भट्टी आपोआप बंद झाली. इथवर सगळं ठीक होतं, अशा प्रसंगासाठीच तर व्यवस्था असते. चार स्वतंत्र शाखा, प्रत्येक शाखेला आपलं डिझेल आणि आपला यूपीएस. चारही डिझेल इंजिनं सुरू झाली. पण चारांपैकी दोघांची वीज पुढे गेलीच नाही. नियंत्रण कक्षातले कित्येक पडदे आणि दर्शक मेले. कर्मचाऱ्यांनी बंद पडलेल्या शाखा हाताने जोडून वीज परत आणली, त्याला २२ मिनिटं लागली. उरलेल्या दोन शाखांनी तेवढा वेळ भट्टी थंड ठेवली.

आता शोध कसा घ्यायचा? माझं काम सर्व्हर आणि नेटवर्कचं. तिथेही बिघाड शोधायची रीत तीच: शेवटून मागे चालत यायचं. पंपाला वीज का नाही? कारण डिझेल आणि वीजपट्टी यांच्यामधला ब्रेकर मिटलाच नाही. का नाही मिटला? इंजिनाने पुरेसा वेग घेतल्याचा निरोप त्याला मिळाला नाही. मग वेग कमी होता का? नाही, इंजिन व्यवस्थित फिरत होतं. फक्त वेग मोजून सांगणाऱ्या यंत्रणेलाच वीज नव्हती. ती वीज कुठून यायची? यूपीएसमधून. आणि यूपीएस? तो बंद पडला होता.

म्हणजे डिझेल निर्दोष, डिझेलचं तेल निर्दोष, बॅटरी भरलेली. मग यूपीएस का पडला?

यूपीएसचे दोन भाग असतात. पहिला बाहेरच्या एसी विजेची डीसी करून बॅटरी भरतो. दुसरा बॅटरीच्या डीसीची परत एसी करून उपकरणांना देतो. व्होल्टेज उसळलं की पहिल्याने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने बॅटरीवर काम चालू ठेवायचं, ही अपेक्षा. पण दोघांच्या संरक्षणाच्या मर्यादा एकमेकांशी नीट जुळवलेल्या नव्हत्या. उसळी आली तेव्हा दुसऱ्यानेही हात वर केले. बॅटरी भरलेली, पण तिच्याकडे जाणारं दारच बंद. चारही यूपीएस एकाच घडणीचे होते, जर्मनीच्या एइजी कंपनीचे. दोन तगले ते वेगळे बनवले होते म्हणून नव्हे. ती उसळी जराशी मोठी असती तर चारही पडले असते, असं मानायला जागा आहे. मला या प्रकरणात सर्वात जास्त खटकतं ते हे. चार शाखा कागदावर चार असतात. पण चौघींत तोच सुटा भाग त्याच सेटिंगने बसवला की त्या बाबतीत ती एकच शाखा उरते.

इतकी वर्षं चाचणीत हे दिसलं कसं नाही? कारण नेहमीच्या चाचणीत केंद्राची बाकी सगळी वीज ठणठणीत असते. यूपीएस चालू, वेगाचा निरोप येतो, ब्रेकर मिटतो, चाचणी पास. दोष डिझेलमध्ये नव्हताच. बाहेरची उसळी आणि डिझेलची हाक एकाच वेळी आली, तरच तो दिसणार होता. डेटा सेंटरवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून काही ठिकाणी अख्ख्या इमारतीची मुख्य वीज खरोखर तोडून पाहतात. व्यवस्थापनाला त्या दिवशी घाम फुटतो, पण तीच एक खरी परीक्षा.

जर्मनीत याचे पडसाद लगेच उमटले. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री झिग्मार गाब्रिएल यांनी इथल्या केंद्रांची तपासणी करायला लावली. एल्बेच्या मुखाजवळच्या ब्रुन्सब्युटेल केंद्राच्या आपत्कालीन वीजव्यवस्थेवरून त्या उन्हाळ्यात बराच वाद झाला. तेही फॉर्स्मार्कप्रमाणे वाटेनफाल कंपनीकडेच होतं. पुढच्या वर्षी २८ जूनला तिथेही ग्रिडच्या बाजूचं शॉर्टसर्किट झालं. केंद्र बंद पडलं, थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झालं, पण त्याच जुलैत परत बंद झालं आणि नंतर वीज द्यायला पुन्हा उभं राहिलंच नाही.

त्या मानाने जर्मनीची सर्वात नवी केंद्रं जास्त सावधपणे बांधलेली होती. लांड्सहूटजवळचं इझार २, हाइलब्रॉनजवळचं नेकारवेस्टहाइम २ आणि लिंगेनचं एम्सलांड. तिथे चार मोठी डिझेल इंजिनं होतीच, शिवाय विमान कोसळलं तरी टिकेल अशा वेगळ्या इमारतीत चार लहान. जात वेगळी, जागा वेगळी. एकाच कारणाने दोन्ही चौकड्या पडू नयेत हा हिशेब.

जागेचं महत्त्व फुकुशिमाने शिकवलं. ११ मार्च २०११ ला तिथल्या १३ डिझेल जनरेटरपैकी १२ सुनामीच्या पाण्याने निकामी झाले. वाचला तो सहाव्या भट्टीचा, हवेने थंड होणारा, उंचावरचा. त्याच्या जोरावर पाचवी आणि सहावी भट्टी सावरली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं. तिथे वेळ निभावली ती स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी, कारण त्यांना मधल्या केबलीची गरजच नव्हती.

१५ एप्रिल २०२३ ला ती तीनही जर्मन केंद्रं बंद झाली, मग आता काय त्याचं, असं वाटेल. पण काढलेलं इंधन पाण्याच्या हौदात काही वर्षं थंड करावं लागतं आणि तोवर डिझेल लागतंच. शिवाय राइनच्या पलीकडे स्वित्झर्लंडचं लाइबश्टाट आहे, झारलांडजवळ फ्रान्सचं काटेनोम आहे. ती चालू आहेत.

जर्मनीत अणुकेंद्रातल्या नोंदणीयोग्य घटना जाहीर होतात आणि कुणालाही वाचता येतात. त्यांचे वर्ग एस, ई आणि एन. एस म्हणजे तात्काळ कळवायची, ई चोवीस तासांत, एन पाच कामाच्या दिवसांत. त्यात ‘नोटश्ट्रोमडीझेल’ हा शब्द दिसला तर घाबरू नका, बहुतेक नोंदी एन वर्गातल्या असतात. वाचताना दोन ओळी शोधा. बिघाड चाचणीत सापडला की खरी गरज पडली तेव्हा? आणि तोच भाग बसवलेली बाकीची डिझेल इंजिनं तपासली का? दुसरी ओळ नसेल, तर केंद्राच्या माहिती कार्यालयाला तेवढंच विचारा. जर्मनमध्ये एका वाक्यात विचारता येतं.