दहा टॉवर, एक क्लाउड
आता हे गणित बघा. एका टॉवरवर तासाला २०० कॉल येतात, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी १० कॉल चालू. यालाच १० अर्लांग म्हणतात. शंभरात एकापेक्षा जास्त कॉल नाकारायचा नसेल, तर १८ कॉलची क्षमता हवी, असं डॅनिश गणिती अर्लांग यांचं १९१७ चं सूत्र सांगतं. असे दहा टॉवर वेगवेगळे ठेवले तर १८०. त्यांचं प्रोसेसिंग क्लाउडमध्ये एकत्र केलं, तर सुमारे ११७ पुरतात. एकीकडे गर्दी असताना दुसरीकडे जागा असते ना! पण इथे प्रत्येक कॉल स्वतंत्रपणे येतो, असं गृहीत धरलंय. भूकंपात सगळे एकदमच फोन लावतात. तेव्हा हीच बचत अंगाशी येते. म्हणून आपत्कालीन कॉलसाठी काही क्षमता आधीच राखून ठेवायला हवी.