चिमूटभर चांदी, कागदाचा तुकडा आणि गावचं पाणी

घरात गोड बातमीची शंका आली की औषधाच्या दुकानातून आधी एक छोटी पट्टी आणली जाते. तिच्यावर दोन गुलाबी रेषा उमटल्या की घराचा नूरच बदलतो. बहुतेक पट्ट्यांमध्ये ही रेषा सोन्यामुळे उमटते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण प्रतिपिंडांना जोडलेले असतात. गर्भ रुजल्यावर शरीरात तयार होणारं एचसीजी हे संप्रेरक या प्रतिपिंडांना चिकटतं, कण एका ओळीत अडकून जमा होतात आणि ती ओळ आपल्याला गुलाबी दिसते. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या पट्ट्यांमागेही हीच कल्पना होती.

म्हणजे कण बनवणं हे रसायनशास्त्र, त्यांचा आकार आणि कागदाचा पोत सांभाळणं हे पदार्थविज्ञान आणि प्रतिपिंड हे जीवशास्त्र. बोटभर पट्टीवर तिन्ही शास्त्रं शेजारी शेजारी नांदतात. हाच त्रिवेणी संगम शेताच्या बांधावर आणि गावातल्या हातपंपावर नेता येईल का, या प्रश्नावर रायपूरमध्ये बरंच काम झालं आहे.

रायपूरची प्रयोगशाळा

रायपूर शहरातून जाणाऱ्या जी. ई. रोडवर पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. १९६४मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला जुन्या मध्य प्रदेशाच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचं नाव दिलेलं आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटू नये. एकेकाळी तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, पुढे मध्य प्रांतात विदर्भासोबत नांदला. आजही इथला धान पिकवणारा शेतकरी आणि गोंदिया-गडचिरोलीचा शेतकरी यांची दुखणी सारखीच आहेत.

या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या प्राध्यापक कमलेश श्रीवास यांच्या गटाने सोन्या-चांदीच्या सूक्ष्म कणांचा वापर पाण्यातले आणि अन्नातले घातक पदार्थ ओळखण्यासाठी केला आहे. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं एक काम तर सहज समजण्यासारखं आहे. चांदीच्या कणांची शाई करायची, ती साध्या इंकजेट प्रिंटरने कागदावर छापायची, त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि रंगातला फरक मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपायचा. पाण्यात पारा असेल, तर तो अशा रीतीने सापडतो.

रंग बदलतो कसा?

आपल्या ओळखीची चांदी पांढरी आणि चकचकीत असते. पण तिचे कण काही नॅनोमीटरइतके बारीक झाले की त्यांचं पाणी पिवळं दिसतं. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, यावरून या कणांच्या आकाराची कल्पना करावी. सोन्याचे असेच कण लाल दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये १८५७मध्ये सोन्याच्या अशा लाल द्रावणांचा अभ्यास मांडला होता. रंगाचं कारण असं की धातूच्या इतक्या छोट्या कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन एकत्र झुलू लागतात आणि प्रकाशातला ठरावीक रंग शोषून घेतात. उरलेला रंग आपल्याला दिसतो.

हे झुलणं कणाच्या आकारावर आणि शेजारी कोण आहे यावर अवलंबून असतं. कण एकमेकांना चिकटले की रंग बदलतो, विरघळले की रंग उडतो. पारा चांदीकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, त्यामुळे चांदीचे कण झिजतात आणि पिवळा रंग फिका पडत जातो. किती फिका पडला, हे डोळ्याने नेमकं सांगता येत नाही. मोबाइलवरचं अॅप मात्र फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे आकडे मोजून ते सांगू शकतं. ज्या फोनवर आपण नातवंडांचे फोटो पाहतो, तोच फोन इथे प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या मदतीला येतो.

शेतातलं औषध आणि शरीरातला कामगार

याच विभागातले प्राध्यापक कल्लोल घोष यांच्या गटाचं काम आणखी एका जिव्हाळ्याच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. तो प्रश्न म्हणजे कीटकनाशकांची विषबाधा.

२०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींना प्राण गमवावे लागले. फवारणीच्या औषधांमध्ये ऑर्गनोफॉस्फेट नावाचा एक मोठा वर्ग आहे. १९३६मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत असताना याच वर्गातला टाबून नावाचा इतका जहाल पदार्थ हाती लागला, की पुढे तो युद्धासाठीचा विषारी वायू म्हणून बनवला गेला. किडीला मारणारं आणि माणसाला मारणारं रसायन एकाच घराण्यातलं आहे, हे त्यातून कळलं.

ही विषं काम कशी करतात? मेंदूने हाताला हलायला सांगितलं की नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलिन हा निरोप्या बाहेर पडतो. निरोप पोचला की अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याला लगेच तोडून जागा मोकळी करतं. ऑर्गनोफॉस्फेट या विकराला घट्ट चिकटून बसतं. सफाई कामगारच बांधून ठेवला की निरोपांचा ढीग साचणार. मग लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास अडकतो.

दवाखान्यात अशा रुग्णाला अॅट्रोपिन देतात आणि अनेकदा सोबत प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतलं ‘पाम’. हे ऑक्झिम वर्गातलं औषध विकराला चिकटलेलं विष सोडवण्याचा प्रयत्न करतं. पण उशीर झाला तर गाठ सुटत नाही. शिवाय हा रेणू विद्युतभारित असल्याने मेंदूपर्यंत सहजी पोचत नाही. म्हणून अधिक चांगल्या ऑक्झिमचा शोध जगभर चालू आहे आणि रायपूरच्या गटानेही त्यात भर घातली आहे.

त्यांच्या कामाची दुसरी बाजू स्वयंपाकघरातल्या साबणासारखी आहे. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपटी तेलाकडे. पुरेसे रेणू जमले की शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे तयार होतात. त्यांना मायसेल म्हणतात. भांड्याचं तेल याच गोळ्यांत शिरून निघून जातं. ऑर्गनोफॉस्फेटही पाण्यापेक्षा तेलात अधिक रमतात. त्यांना मायसेलच्या आसऱ्याला ओढून आणायचं आणि तिथेच त्यांना तोडणारं रसायन भेटेल अशी सोय करायची. असं केल्यावर विष निष्प्रभ होण्याचा वेग वाढतो. सांडलेलं किंवा कपड्यांवर उडालेलं विष नष्ट करण्यासाठी ही वाट उपयोगी ठरू शकते.

कौडीकसाचं पाणी

हे सगळं प्रयोगशाळेबाहेर का पोचलं पाहिजे, हे समजून घ्यायचं तर अंबागड चौकीच्या बाजूला जायला हवं. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेला हा भाग आधी राजनांदगाव जिल्ह्यात होता, २०२२मध्ये वेगळा जिल्हा झाला. इथल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांच्या भूजलात आर्सेनिक आहे. कोणत्या कारखान्याने ते सोडलेलं नाही, ते खडकांतूनच पाण्यात उतरतं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये, छत्तीसगड राज्य व्हायच्या आधीच, इथल्या लोकांच्या त्वचेवरच्या डागांची आणि पाण्याची हकिगत ‘करंट सायन्स’मध्ये मांडली होती. पुढे रायपूरचे प्राध्यापक खगेश्वर सिंह पटेल यांच्या गटाने याच पट्ट्यातलं पाणी, माती, गाळ आणि तांदूळ तपासून २००५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतकं कमी प्रमाण मोजणारी यंत्रं महाग असतात आणि मोठ्या शहरात असतात. नमुना पाठवायचा, अहवालाची वाट पाहायची आणि तोवर तेच पाणी प्यायचं. शिवाय एका हातपंपाचं पाणी वाईट आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्याचं चांगलं, असंही असू शकतं. म्हणून गावातच, पंपाशेजारी उभं राहून करता येणारी स्वस्त तपासणी मोलाची ठरते.

दोन कागदांमधलं अंतर

पण इथेच खरी मेख आहे. प्रयोगशाळेतलं पाणी शुद्ध असतं, त्यात मोजून विष घातलेलं असतं. विहिरीच्या पाण्यात लोह, क्षार, गाळ असं बरंच काही असतं आणि यातलं काहीही कणांचा रंग बदलू शकतं. कागदावर छापलेली चांदी उन्हाळ्यात महिनोन्महिने टिकली पाहिजे. कडक उन्हात काढलेला फोटो आणि झाडाखाली काढलेला फोटो यांनी वेगळं उत्तर देता कामा नये. विष नसताना पट्टीने ‘आहे’ म्हटलं तर घबराट होते, असताना ‘नाही’ म्हटलं तर त्याहून वाईट. त्यामुळे अशी पट्टी मोठ्या यंत्राची जागा घेत नाही. कुठला नमुना आधी शहरात पाठवायचा, एवढं तिने सांगितलं तरी मोठं काम झालं.

संशोधनाचा पेपर छापून येतो आणि बऱ्याचदा गोष्ट तिथेच थांबते. पेपरपासून पंपाशेजारच्या कागदापर्यंत पोचायला उद्योग, सरकारी खाती आणि आरोग्यसेविका यांची साथ लागते. हातातली पट्टी पिवळी राहिली की फिकी पडली, एवढं शाळेतलं पोरही सांगू शकेल. त्याच्या हातात ती पट्टी कोण देणार, हे ठरायला हवं.

तोवर आपण काय करू शकतो?

• पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. शंका असलेल्या भागात पाणी तपासूनच प्यावं.

• पाणी चांगलं असेल, तर भरपूर पाण्यात भात शिजवून ते वेळून टाकल्यास तांदळातलं आर्सेनिक बरंच कमी होतं. मात्र अशा भागातल्या तांदळाची पेज तेवढी पिऊ नये.

• भाज्या आणि फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. साबण वापरू नये.

• कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

• औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुऊ नयेत.

• विषबाधेची शंका आली तर अंगावरचे कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी, ओकारी करायला लावू नये आणि औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. डब्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवायला मदत होते.

गर्भधारणेची पट्टीसुद्धा एकेकाळी प्रयोगशाळेतलीच गोष्ट होती. आज ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि घरातल्या घरात उत्तर देते. आपल्या माठातल्या पाण्याबद्दलचं उत्तरही एक दिवस इतक्याच सहज मिळावं, एवढीच अपेक्षा आहे.