बहिरेपणाचे मूळ

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशातल्या एका मोठ्या कुटुंबाची ही हकीकत आहे. या कुटुंबातील मुलांना लहानपणी चांगले ऐकू येई. ती बोलायलाही शिकत. पण दहाव्या वर्षाच्या सुमारास काहींना कमी ऐकू येऊ लागे आणि तिशीपर्यंत ती पूर्ण बहिरी होत. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते.

असे का होते? कोस्टारिकाचे शास्त्रज्ञ पेद्रो लिऑन आणि अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी याचा शोध घेतला. आईवडिलांचे गुण मुलांत आणणाऱ्या घटकाला जनुक म्हणतात. जनुके गुणसूत्रांवर असतात. दोष पाचव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९२ साली कळले. १९९७ साली ते जनुकही सापडले. त्यातील फक्त एक अक्षर बदललेले होते!

आपल्या कानाच्या आत केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाने हे तंतू हलतात आणि मेंदूला संदेश जातो. या पेशींची बांधणी टिकवण्यात त्या जनुकाचा हात असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते.

असा बहिरेपणा आईवडिलांपैकी एकाकडूनही मुलाकडे येऊ शकतो. त्यात कोणाचाही अपराध नसतो. म्हणून बहिऱ्या माणसाला कधी हसू नये.