परदेशात दाढ ठणकली तर? इंग्लंडला निघालेल्यांनी आधीच जाणून घ्यावे असे काही

बेळगावात रात्रीचे बारा वाजलेत आणि फोन वाजतो. पलीकडे इंग्लंडला शिकायला गेलेली लेक. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. "आई, दाढ लई ठणकतेय गं. इथला डॉक्टर म्हणतो, दातांचं मी बघत नाही. डेंटिस्टकडे फोन केला तर नवीन पेशंट घेत नाही म्हणतात." आई सांगते, "लवंग धर दाढेखाली. आणि जाताना दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत ना, त्यातली एक घे."

यातली लवंग ठीक आहे, तेवढ्यापुरता आराम पडतो. गोळी मात्र चुकीची. असा फोन आज सीमाभागातल्याच काय, गोव्यातल्या किंवा इंदूर-वडोदऱ्याच्याही कुठल्याही घरात येऊ शकतो. स्विंडनसारख्या गावात तर गोव्याहून गेलेल्यांची मोठी वस्तीच आहे. म्हणून तिकडे दातांचा कारभार कसा चालतो, ते समजून घेऊ.

पैसे भरले, तरी दात वेगळे

व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तर नोकरीवर जाणाऱ्या बहुतेकांना १,०३५ पौंड. एवढे भरल्यावर सगळे फुकट, असा आपला समज होतो. फॅमिली डॉक्टर आणि सरकारी हॉस्पिटलच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. दातांचे तसे नाही. एनएचएस या सरकारी आरोग्य सेवेतून दातांवर उपचार मिळतात, पण प्रौढांना त्याचे ठरावीक पैसे मोजावे लागतात.

इंग्लंडमध्ये त्याचे तीन टप्पे आहेत. एप्रिल २०२५ पासूनचे दर असे:

- पहिला टप्पा, २७.४० पौंड: तपासणी, एक्स-रे, सल्ला, गरज असेल तर दात साफ करणे. तातडीचा उपचारही याच दरात.
- दुसरा टप्पा, ७५.३० पौंड: दात भरणे, रूट कॅनॉल, दात काढणे.
- तिसरा टप्पा, ३२६.७० पौंड: कॅप, ब्रिज, कवळी.

पैसे दातामागे नाहीत, एका उपचारामागे आहेत. म्हणजे एकाच फेरीत तीन दाढा भरल्या तरी ७५.३० पौंडच. उपचार संपल्यावर दोन महिन्यांत त्याच किंवा खालच्या टप्प्यातले काम पुन्हा निघाले, तर वेगळे पैसे पडत नाहीत. दर एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा निघताना ताजे बघून घ्या. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर धरला तर एक कॅप ३२ हजारांच्या पुढेच जाते. तरीही खासगी दवाखान्याच्या मानाने हे स्वस्त. तिथे एका दाढेच्या रूट कॅनॉललाच काही शे पौंड लागतात.

खरी अडचण नंबर लागण्याची

दर स्वस्त असले तरी एनएचएसचे नवीन पेशंट घेणारा दवाखाना सापडणे अवघड झाले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात असा एक दवाखाना उघडला, तर नाव नोंदवायला शेकडो लोकांची रांग लागली. शेवटी पोलिसांना यावे लागले. हे तिथल्याच लोकांचे हाल. मग परवा विमानातून उतरलेल्या आपल्या पोराची काय कथा!

म्हणून तिकडे पोहोचल्यावर बँकेचे खाते आणि मोबाईलचे सिम जसे पहिल्या महिन्यात होते, तसाच डेंटिस्टही शोधायचा. दुखत नसताना शोधायचा. फॅमिली डॉक्टरसारखी इथे भागाची अट नसते. आपल्या गल्लीत जागा नसेल तर शेजारच्या गावातला दवाखाना चालतो. एनएचएसच्या संकेतस्थळावर कोण नवीन पेशंट घेतो ते दिसते, पण ती माहिती कधी कधी जुनी असते. सरळ फोन करा. "वेटिंग लिस्टला नाव लावा" एवढे तरी म्हणाच.

कोणाला पैसे पडत नाहीत

१८ वर्षांखालील मुलांना, आणि पूर्णवेळ शिकत असेल तर १९ पूर्ण होईपर्यंत, उपचार मोफत आहेत. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर १२ महिने तसेच. नवऱ्याबरोबर गेलेल्या आपल्या मुलींना हे कित्येकदा माहीतच नसते. दाईकडून किंवा डॉक्टरकडून त्याचे प्रमाणपत्र तेवढे घ्यावे लागते.

उत्पन्न कमी आणि बचत १६ हजार पौंडांच्या आत असेल, तर विद्यार्थ्यालाही एचसी१ हा अर्ज करता येतो. तो मंजूर झाला तर पैसे माफ होतात किंवा कमी होतात. पण हक्क नसताना फॉर्मवर 'मोफत'च्या चौकटीत खूण करू नका. नंतर तपासणी होते, आणि मूळ पैशांवर १०० पौंडांपर्यंत दंड बसतो.

रात्री अचानक दुखले तर

१११ या नंबरवर फोन करायचा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागता येतो. ते तातडीच्या डेंटिस्टची वेळ मिळते का ते बघतात. तोवर केमिस्टला विचारून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्यावी. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरू नये, कातडी भाजते.

आणि ती इकडून नेलेली अँटिबायोटिक? दाढेच्या आतली नस सुजली असेल तर त्या गोळीने ठणका जात नाही. पू झाला असेल तर गोळीने दोन दिवस दबल्यासारखे वाटते, पण मूळ आत तसेच राहते. ते साफ केल्याशिवाय सुटका नाही.

मात्र एक खूण पक्की लक्षात ठेवा. सूज डोळ्यापर्यंत किंवा मानेवर उतरली, किंवा गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर १११ची वाट न बघता हॉस्पिटलच्या अपघात विभागात जायचे. दातातले इन्फेक्शन तिथवर पोचले की जिवावर बेतू शकते. "डिसेंबरला गावी येणारच आहे, तेव्हा बघू" हे अशा वेळी चालत नाही.

निघण्याआधी

तिकीट काढले की दोन-तीन महिने आधी दात दाखवा. बेळगावचे केएलई, गोव्यात बांबोळीचे किंवा इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय असो, नाहीतर नेहमीचा डॉक्टर. कीड लागलेली दाढ भरून घ्या. अक्कलदाढ आडवी असेल तर काय करायचे ते विचारा. रूट कॅनॉल अर्धवट सोडून विमानात बसू नका. वरचे तात्पुरते सिमेंट निघाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एक्स-रे आणि डॉक्टरची चिठ्ठी मोबाईलमध्ये ठेवा. चिठ्ठीत दाताचा नुसता आकडा नको. आपले डॉक्टर खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेला ३६ म्हणतात, तिकडे बरेच जण तिलाच 'खालची डावी सहा' म्हणतात. तेव्हा शब्दांतही लिहून घ्या.

सुट्टीत गावी येऊन करायचे असेल तर

स्वस्त पडते म्हणून पुष्कळजण तसे करतात, त्यात वावगे काही नाही. फक्त दिवसांचा हिशेब घाला. दात भरणे, रूट कॅनॉल आणि कॅप तीन आठवड्यांच्या सुट्टीत साधारण बसते. इम्प्लांट बसत नाही. स्क्रू हाडात घट्ट व्हायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन खेपा आल्याच. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू बसवला ते लिहून न्या. उद्या तिकडे सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरला तेच आधी लागणार.

घरच्यांनीही एक करावे. मुलांना फोनवर जेवलास का, थंडी आहे का, हे आपण विचारतोच. पहिल्या महिन्यात त्यात आणखी एक प्रश्न घाला: डेंटिस्ट शोधलास का?